ओ देण्याचा क्रम

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर नाव वेगळंच आहे,
टॅक्सीवाले पाटी वाचत नाहीत.
दुसऱ्या मजल्यावर आमचं दुकान:
परकार शेठ, मी,
आणि उघड्या डब्यात पंख्याखाली गुरगुरणाऱ्या
चार हार्ड डिस्क.

मशीन सुरू होतं तेव्हा हाक मारतं.
नाव घेऊन नाही, नुसतं,
कोण आहे रे तिकडे?
जी आधी ओ देईल ती एसडीए,
मग एसडीबी, मग एसडीसी.
झेडपाशी अक्षरं संपली की ए ए, ए बी,
गाड्यांच्या नंबरप्लेटसारखं.
वय किती, पोटात काय, कुणी विचारत नाही.
एखादी म्हातारी डिस्क उशिरा फिरते
आणि तिचं अक्षर दुसरीला जातं.

हे मला पाठ होतं.
पहिल्याच आठवड्यात शेठ म्हणाले होते, चहात खारी बुडवत,
"अक्षरावर जाऊ नकोस.
ते खुर्चीचं नाव आहे, बसलेल्याचं नाही."

मार्चमधल्या एका मंगळवारी
मी रिकाम्या खाचेत पाचवी डिस्क लावली.
काल संध्याकाळी एसडीसी कोरी होती.
आज सकाळी मी एसडीसी पुसली.
नक्की? मशीनने विचारलंही.
फोन खांद्याने कानाशी धरून मी वाय दाबलं.

चार वाजता तांडेल बाई आल्या.
वरळीची पालिकेची शाळा, मराठी माध्यम,
जूनपासून बंद.
शेवटच्या वर्गातली एकतीस मुलं
एकेक करून माइकपुढे बसवलेली:
वाचा, आवडेल ते.
कुणी धडा वाचला होता,
कुणी खोकल्याच्या बाटलीवरचा कागद.

मी पाठकोऱ्या बिलावर चौकोन काढले,
बाण काढले, समजावत राहिलो.
बाई चौकोनांकडे बघत म्हणाल्या,
"जुलैत नवीन पोर आलं की हजेरीचे आकडे सरकतात.
चौदावा पंधरावा होतो,
तरी चौदा म्हटलं की सवयीने तोच उठतो.
म्हणून मी नाव घेते.
तुमच्यात नावं नसतात का?"

असतात, बाई.
प्रत्येकीच्या आत कोरलेलं एक असतं,
लांबलचक, आकडे आणि अक्षरं,
कुणाच्या तोंडात न बसणारं.
वायर बदला, खाच बदला, मशीन बदला,
ते तेच राहतं.
पुसल्यावर मात्र जातं.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं.
तीन रात्री आम्ही ती डिस्क खरवडत बसलो.
आवाज निघाले.
नावं निघाली नाहीत, ती वेगळ्या पानावर असतात
आणि ते पान मी आधीच कोरं केलं होतं.
एफ चार एक शून्य दोन. एफ चार एक शून्य नऊ.

बाईंनी हेडफोन लावला.
"तेजल वैती."
"रिद्धेश. र वर अडतोय बघ."
"ही आधी खोकणार, थांब...
हं. हर्षाली."
मी टाइप करत गेलो.
मध्येच एकदा त्या हसल्या, का ते सांगितलं नाही.

सव्वीस झाली. चार फुटकी निघाली.
एक उरली:
पानं उलटल्याचा आवाज, मागे कावळा,
आणि मग, "बाई, हे खूप लांब आहे."
सहा वेळा ऐकलं त्यांनी.
"मधेच आलेला हा. डिसेंबरात गेला पण.
बाप ट्रॉलरवर होता."
नाव?
बाईंनी चष्मा पुसला.
शेठ पैसे घेईनात, तरी
माउसखाली पाचशेची नोट सरकवून गेल्या.

आता प्रत्येक डिस्कला मी नाव देतो,
आत एक, बाहेर मार्करने एक.
तांडेल, वरळी, एकतीस.
सकाळी ती एसडीबी असते, दुपारी एसडीडी,
असू दे.

काल रात्री साडेदहाला फोन वाजला.
हॅलो नाही, काही नाही.
"केतन पावसे. हर्णैचा.
लिहून घे."